पेंढीच्या हिशेबातला बैल

सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो. 2019 सालच्या फेब्रुवारीतल्या अशाच एका रविवारी मी तात्यांबरोबर, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांबरोबर, तिथे उभा होतो. दावणीला आमची खिलार जोडी होती; सहा दाती, शिंगे साळून तेल लावलेली, अंगावर पांढरी झाक असलेली. आदल्या पावसाळ्यात हस्त कोरडा गेला होता, चित्राही तशीच गेली होती, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने जे 151 तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले त्यांत आमचा तालुका होताच. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, पण ती सगळी गर्दी विकणाऱ्यांची होती. दुपार कलताना भीमेच्या काठच्या गावचा एक गिऱ्हाईक आमच्यापाशी थांबला. त्याने जोडीभोवती एक फेरी मारली, एका बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला आणि विचारले, "एकाला दिवसाला किती पेंढ्या लागतात?" त्याने जबडा उघडून दात पाहिले नाहीत, बैल चालवून पाहिला नाही, गोम (अंगावरच्या केसांचा भोवरा) कुठे आहे तेही पाहिले नाही. तात्या म्हणाले, "पाच." तो माणूस ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला आणि मग त्याने टॉवेलाखाली हात घातला.

तो प्रश्न मला पुढे बरेच दिवस छळत राहिला.

लहानपणी आजोबांचे बोट धरून मी याच बाजारात हिंडलो होतो, तेव्हा बैल पाहणे ही एक विद्या असते असे मला वाटे. आजोबा आधी लांबून पाहत. पाठ सरळ आहे का, मागचे पाय चालताना एकमेकांना घासतात का, उभ्या उभ्या एका पायावरचे वजन दुसऱ्यावर टाकतो का, हे सगळे मालकाला कळू न देता पाहायचे असे. मग जवळ जाऊन दात. आदत (दुधाच्या दातांचा) खोंड, दोन दाती, चार दाती, जुळलेला (सगळे दात आलेला). प्रत्येक पायरीला बैलाचे मोल वेगळे. शेपटीचा गोंडा, खूर, कातडीची चमक, डोळ्यांतले पाणी, नाकपुडीचा ओलसरपणा. गोमेवरून तर अख्खा सौदा मोडलेला मी पाहिला आहे. त्या बाजाराला शेण, ओली पोती, मिरचीच्या भज्यांचे तेल आणि हेड्यांच्या, म्हणजे जनावरांच्या दलालांच्या, तोंडची तंबाखू यांचा मिळून एक वास असे. टॉवेलाखाली दोन माणसांची बोटे एकमेकांशी बोलत आणि चेहऱ्यावर मात्र काही उमटू द्यायचे नाही, अशी रीत होती. भाव ठरे तो बैलाच्या अंगावरून, निदान मला तसे वाटे. त्या काळीही कडब्याचा हिशेब कुणाच्या तरी डोक्यात असणारच. फक्त चांगल्या सालात तो तोंडाने बोलून दाखवायची वेळ येत नसावी.

त्या गिऱ्हाइकाने मनात मांडलेला हिशेब मी नंतर कागदावर मांडून पाहिला. समजा चांगल्या सालात 10 रुपयांना मिळणारी कडब्याची पेंढी दुष्काळात 25 रुपयांना गेली. एका बैलाला दिवसाला 5 पेंढ्या. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत साधारण 135 दिवस. कारण मृग वेळेवर आला तरी हिरवे गवत जनावराच्या तोंडी लागायला महिना जातोच. चांगल्या सालात जोडीला पावसाळ्यापर्यंत पोसायचा खर्च 13,500 रुपये आला असता, दुष्काळात तो 33,750 रुपये येतो. म्हणजे बैल तोच, दात तेच, चाल तीच, आणि जोडीच्या मोलातून 20 हजार रुपये निव्वळ वैरणीपोटी वजा झाले. शिवाय घेणाऱ्याला धास्ती असतेच की, पाऊस जूनमध्ये पडलाच नाही तर? ती धास्तीही तो भावातूनच कापून घेतो. त्या दिवशी बाजारात बैलाचा भाव म्हणून जो आकडा बोलला जात होता, तो खरे तर वजाबाकी करून उरलेला आकडा होता. म्हणूनच अशा बाजारात उत्तम जोडी आणि बेताची जोडी यांच्या भावांतले अंतर आटते. दोघांची पोटे सारखीच असतात. उलट धिप्पाड बैलाला खायला जास्त लागते, म्हणून त्याच्याकडे पाहताना गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठी पडते. वर्षानुवर्षे पेंड चारून, अंगावर मूठभर मांस चढवून ज्याने बैल राखला, त्याच्या कष्टाचे मोल नेमके तेव्हा होत नाही, जेव्हा त्याला पैशाची खरी गरज असते.

भीमेकाठचा तो माणूस काही लबाड नव्हता, हेही सांगायला हवे. त्याच्याकडे पाणी होते. पाण्यामुळे ऊस होता, आणि उसाची तोड चालू असल्यामुळे बांधावर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पडून होते. ज्याच्याकडे वैरण आहे त्यालाच दुष्काळात जनावर घेता येते, आणि ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्याकडेच वैरण असते. तात्यांची जोडी मोहोळ-पंढरपूरकडे गेली ती दुबळ्या हातातून सबळ हातात गेली, असे म्हणता येईल; पण ती बैलांच्या दोषामुळे गेली नाही आणि तात्यांच्या आळसामुळेही नाही. दोन गावांमधून एक कालवा कुठून गेला आणि कुठून गेला नाही, एवढ्यावर ती खरेदी ठरली होती.

आमच्या भागात कडबा म्हणजे शाळूचा, रब्बी ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या भाकरीचे कौतुक केले. माझ्या काकूला मात्र मालदांडी वाणाच्या कडब्याचे कौतुक अधिक होते. उंच, बारीक, पाल्याचा, गोडसर वासाचा तो कडबा गंजीला रचला की त्या बाजूने जाताना अंगाला एक कोरडी ऊब लागे. शाळू परतीच्या पावसावर येतो. हस्त-चित्रात पाऊस झाला नाही की पेरणी साधत नाही किंवा साधली तरी ताटे गुडघ्याएवढी राहतात, आणि मग घरातल्या माणसांचे धान्य आणि गोठ्यातल्या जनावरांची वैरण एकाच फटक्यात बुडते. खरिपाच्या बुटक्या संकरित ज्वारीचा कडबा जनावरे तितक्या आवडीने खात नाहीत. त्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शाळूच्या रानात डाळिंब आले, जिथे पाणी पोचले तिथे ऊस आला, मका आला. डाळिंबाने पैसा दिला, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. परंतु डाळिंबाची काडी बैल खात नाही. पूर्वी दोन वर्षांची गंज राखणारे घर गावात असे. आता एक वर्षाची गंज ज्याच्या खळ्यावर आहे त्याच्याकडे लोक आदराने पाहतात.

या सगळ्यातली विचित्र गोष्ट अशी की, कडबा किती होणार हे दिवाळीलाच कळलेले असते. मग लोक दिवाळीतच जनावर का विकत नाहीत? तेव्हा भाव अजून उतरलेला नसतो आणि गंजीत चार पेंढ्या असतात. मी हे तात्यांना एकदा शहाजोगपणे विचारले होते. त्यांनी रागावून उत्तर दिले नाही, पण रब्बीची अर्धी पेर शेतात उभी असताना, कदाचित एखादा अवकाळी पडेल असे आभाळ दिसत असताना, दावण रिकामी करायला हात धजत नाही, एवढे त्यांच्या बोलण्यातून कळले. शेतकरी आधी गंज संपवतो, मग उसनवारी करतो, मग वाढे विकत आणतो, मग घरातले एखादे डोरले सोनाराकडे जाते, आणि एवढे सगळे झाल्यावर बैल बाजारात येतो. गावोगावच्या गंजी साधारण एकाच सुमारास संपत असल्यामुळे सगळ्यांचे बैल एकाच पंधरवड्यात बाजारात येतात. तोवर बैलाच्या बरगड्याही दिसू लागलेल्या असतात. आणि जूनमध्ये दोन पाऊस झाले की चक्र उलटे फिरते: पेरणीसाठी प्रत्येकाला बैल हवा असतो, विकायला कुणीच तयार नसतो, आणि फेब्रुवारीत पडेल भावात गेलेल्या बैलाच्या तोडीचा बैल घ्यायला गेले तर हेडी तोंड दुसरीकडे करून आकडा सांगतो. स्वस्तात विकायचे आणि महागात घ्यायचे, हा व्यवहार डोळसपणे, हिशेब पुरता समजून, माणसे करत आली आहेत.

1972 च्या आठवणी आजोबा सांगत त्यांतही हेच असे. तेव्हा धान्याचा दुष्काळ मोठा होता. खडी फोडायच्या कामावर माणसांना मजुरी मिळाली, सुकडी मिळाली, आणि त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. माणसाला काम देता येते, कारण माणूस मजुरी घेऊन दुकानात जाऊ शकतो. बैलाला खडीवर काम नव्हते. आजोबांनी त्या साली एक बैल विकला आणि एक राखला. राखलेल्याला छपरावरचे जुने पाचट काढून घातले होते. एक बैल घेऊन नांगरट होत नाही, म्हणून पुढची दोन वर्षे शेजाऱ्याशी वारंगुळा, म्हणजे दोघांचा एकेक बैल जुंपून आळीपाळीने काम, करावा लागला.

2019 मध्ये सरकारी अनुदानावरच्या चारा छावण्या होत्या. जानेवारीत आदेश निघाला, तरी प्रत्यक्ष छावण्या उभ्या राहायला कित्येक ठिकाणी मार्च-एप्रिल उजाडला. मोठ्या जनावरामागे दिवसाला 70 रुपये अनुदान ठरले होते, ते पुढे 90 झाले आणि मग 100. लहान जनावराला त्याच्या निम्मे. छावण्यांमधल्या गैरप्रकारांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे योग्यही असेल. मला तिथे दिसले ते वेगळेच होते. आमच्या गावाजवळ छावणी सुरू झाली त्या आठवड्यात बाजारातली गर्दी कमी झाली आणि उरलेल्या जनावरांचा भाव थोडा सावरला. बैल तेवढेच हडकुळे होते, ऊन वाढलेच होते. बदलली होती ती फक्त वजाबाकीतली खालची रक्कम. पेंढीचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावरून सरकारच्या अंगावर गेला होता. तात्यांची जोडी तोवर भीमेकाठी पोचली होती. छावणीचा आदेश जानेवारीत निघाला, पण छावणी जानेवारीत निघाली असती तर ती जोडी आमच्याच दावणीला राहिली असती, हा विचार मी त्यांच्यासमोर कधी बोलून दाखवला नाही. त्यांच्या मनात तो माझ्याआधी येऊन गेला असणार. छावणीतल्या गाईंसाठी काकू तिथेच छपराखाली मुक्कामाला होती. दिवसा उसाच्या कांड्या तोडायच्या, टँकरची वाट पाहायची. नुसत्या उसावर आणि वाढ्यांवर जनावराच्या अंगातला चुना कमी होतो, म्हणून डॉक्टर क्षारमिश्रण द्यायला सांगत. छावणीत जनावर जगते, पण अंगाने खालावतेच, आणि छावणी उठली की त्या खालावलेल्या अंगाचा भाव पुन्हा बाजाराला ठरवावा लागतो.

म्हाताऱ्या आणि भाकड जनावरांबद्दल लिहिताना हात जड होतो. आमच्या घरात बैल विकला तरी दावे देत नाहीत, त्याच्या कपाळाला कुंकू लावून, भाकरीचा तुकडा चारून पाठवतात, आणि तो कुठे जातो हे विचारायचे नाही असा अलिखित नियम होता. पण तो कुठेतरी जात असे आणि त्याचे काही पैसे येत, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दुष्काळात कितीही भाव पडला तरी त्याच्याखाली जायचा नाही असा एक तळ त्या पैशामुळे बाजाराला असे. मार्च 2015 मध्ये राज्यात गोवंशहत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला, मे 2016 मध्ये उच्च न्यायालयाने हत्याबंदी कायम ठेवली, आणि नेमकी ती दोन वर्षे मराठवाड्यात आणि आमच्याकडे दुष्काळाची होती. ज्या बैलाचे काम संपले आहे त्याच्या बाबतीत वजाबाकीत वर काही उरलेच नाही, खाली मात्र दिवसाच्या पाच पेंढ्या तशाच राहिल्या. काकूला कायदा पटला होता आणि अजूनही पटतो. तिची श्रद्धा मला समजते, तिची टिंगल करणारे लोक मला आवडत नाहीत. फक्त त्या श्रद्धेचा रोजचा खर्च ज्याच्या गोठ्यावर पडतो तो माणूस सभेत बोलत नाही, रात्री कधीतरी रानाच्या कडेला दावे सोडून येतो, हेही मी पाहिले आहे.

गाईंचा हिशेब बैलांपेक्षा सरळ आणि म्हणून अधिक निष्ठुर आहे. संकरित गाईचा भाव हेडी लिटरमागे धरतो: दुसऱ्या वेताची, इतके लिटर, इतके हजार. गाय अडीच लिटर दूध देईल तेव्हा साधारण एक किलो खुराक तिच्या पोटात जायला हवा, शिवाय अंग राखायला किलो-दीड किलो वेगळा. म्हणजे बारा लिटरच्या गाईला सहा किलोंच्या आसपास पेंड, भरडा, गोळी. सरकीची पेंड कापसावर अवलंबून. दुष्काळात कापूस कमी पिकला की सरकी कमी आणि पेंड महाग. मक्यावर कोंबड्यांचा हक्क आधीपासून होता, आता इथेनॉलच्या कारखान्यांचाही आला आहे. या सगळ्याचे भाव कुठेतरी लांब ठरतात, आणि दुधाचा भाव संघ ठरवतो. 2023 मध्ये सरकारने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या (स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन घटकांच्या) गाईच्या दुधाला 34 रुपये दर ठरवून दिला होता. काही महिन्यांत प्रत्यक्ष हातात 27 आणि त्याहूनही कमी येऊ लागले, आणि 2024 च्या जानेवारीत लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावे लागले. वैरण अपुरी पडली की दूध घटतेच, शिवाय फॅट-एसएनएफ उतरते आणि त्यापायी दरातही कपात होते. डेअरीतून दर उतरल्याची चिठ्ठी आली की पुढच्या बाजारात गाईंचा भाव उतरलेला असतो, आणि कालवडींचा त्याहून जास्त, कारण कालवड अजून दीड-दोन वर्षे नुसतीच खाणार असते.

त्याच 2023-24 च्या दुष्काळात, आमचा तालुका पुन्हा एकदा चाळीस तालुक्यांच्या यादीत असताना, तात्यांनी एक गाय विकत घेतली. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आमच्या ओढ्याला एकदा येऊन गेले होते, त्यावर त्यांनी अर्धा एकर मका केला होता आणि त्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण) करून पिशव्या भरून ठेवल्या होत्या. जत भागातून आलेला एक तरुण गाभण गाय घेऊन उभा होता. गाय चांगली होती, वेसणीपाशी त्याचा हात थरथरत होता. तात्यांनी गाईची कास पाहिली, सड पाहिले, आणि मग विचारले, "दिवसाला किती लागतं हिला?" त्या मुलाने उत्तर देण्याआधी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. तात्यांनी घासाघीस केली ती रीतीप्रमाणेच. रास्त भावापेक्षा चार पैसे कमीच दिले, आणि घरी येईपर्यंत ते गप्प होते. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्याकडच्या पिशव्या मोजलेल्या होत्या आणि जूनपर्यंतचे दिवसही.

बैल मात्र त्यांनी पुन्हा घेतले नाहीत. 2019 च्या जूनमध्ये ते दोनदा बाजारात जाऊन भाव ऐकून परत आले आणि भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरणी उरकली. पुढच्या वर्षीही ट्रॅक्टरच. दुष्काळात गेलेली जोडी कायमची गेली. ट्रॅक्टर आला म्हणून बैल गेले असे आपण सहज म्हणतो, आणि ते खोटे नाही. पण आमच्या गावात बैल गेले ते एकदम नाही, दुष्काळागणिक चार-सहा दावणी अशा गेले. 2012 ते 2019 या सात वर्षांत राज्यातला गोवंश पशुगणनेनुसार सुमारे 10 टक्क्यांनी घटला, आणि देशभरात नर जनावरे तर 30 टक्क्यांनी. 2012-13, 2014-15, 2015-16, 2018-19 ही सगळी दुष्काळी साले या दोन गणनांच्या मध्ये बसतात. आता खिलार खोंडाला भाव आहे तो शर्यतीमुळे. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, आणि पळणाऱ्या खोंडाची किंमत लाखांत बोलली जाऊ लागली. त्या खोंडाला दूध-अंडी चारणारा मालक पेंढ्यांचा हिशेब विचारत नाही, म्हणून त्याच्या भावाला दुष्काळ शिवत नाही. बेंदराला मिरवणुकीत हेच बैल पुढे असतात. शेतात राबणाऱ्या जोड्या मागे दोन-चार.

दुष्काळ आला की जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालतात. ती कागदावर शहाणपणाची वाटते. पण चारा अडवला तरी जनावरांचे टेम्पो अडत नाहीत, ते चाऱ्याकडे जातात आणि तिथे स्वस्तात उतरतात. पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्डावर कर्ज मिळते, हे मी तात्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले होते. त्यांचे म्हणणे असे पडले की, फेब्रुवारीत सगळ्या गावाच्या खात्यावर पैसे आले, तर सगळा गाव तीच पन्नास गाड्या वैरण घ्यायला धावेल, आणि वैरणवाला भाव वाढवेल. कर्जाने पेंढी पिकत नाही. त्यांना हवे होते ते वेगळे: सोसायटीने सुगीत कडबा घेऊन गंजी लावाव्यात, दुष्काळात तो पैशाऐवजी पेंढीवर उसना द्यावा, आणि पुढच्या शाळूला तितक्या पेंढ्या, वर शेकड्याला दहा जास्त, परत घ्याव्यात. "भावकीत आम्ही हेच करत आलोय," ते म्हणाले, "फक्त दुष्काळात भावकीची गंजबी रिकामीच असती." गंजीला आग लागते, उंदीर लागतात, अवकाळीत कडबा काळा पडतो आणि त्याची जबाबदारी घ्यायला सोसायटीचा सचिव तयार होत नाही, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी मुरघासाच्या पिशव्यांकडे बोट दाखवले आणि एका पिशवीत किती दिवसांची वैरण मावते, ती किती महिने टिकते, आणि गावाच्या पडीक गायरानावर अशा किती पिशव्या राहतील, याचा हिशेब सांगायला सुरुवात केली.